प्राथमिक भूगोलातील क्रियापद : ‘नदीचे कार्य’ ह्या पाठाच्या भाषेविषयी

भूगोलाच्या शालेय पुस्तकाची चिकित्सा सामान्यतः दोन अंगांनी केली जाते. माहिती बरोबर आहे की नाही हे भूगोलतज्ज्ञ पाहतो. ती मुलाच्या वयाला पेलेल की नाही हे शिक्षणशास्त्रज्ञ पाहतो. ती माहिती ज्या वाक्यांतून सांगितली जाते त्या वाक्यांचे व्याकरण मात्र कोणी पाहत नाही. फार तर ‘भाषा सोपी असावी’ एवढी शिफारस केली जाते. आणि सोपी म्हणजे आखूड वाक्ये व कमी जोडाक्षरे, असा तिचा अर्थ लावला जातो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, भूपृष्ठ कालांतराने कसे बदलते हा विषय प्राथमिक इयत्तांत शिकविताना जी अडचण येते तिचा मोठा भाग व्याकरणाचा आहे. आणि तो तसा असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकांनी तिच्यापासून अंग चोरणे योग्य नाही.

विषयाचे स्वरूप प्रथम लक्षात घेतले पाहिजे. देशांच्या राजधान्या, पिके, उद्योगधंदे ह्यांविषयीचे पाठ मुख्यतः नामांचे असतात. भूपृष्ठाच्या बदलाचा पाठ तसा नाही. त्यात काय आहे ह्यापेक्षा काय झाले, काय होत आहे, कोणी केले, किती काळात केले, हे सांगावयाचे असते. म्हणजे तो स्वभावतःच क्रियापदांचा पाठ आहे. असे असता मराठी पुस्तकांत तो जवळजवळ संपूर्णपणे नामांत लिहिला जातो. वानगीदाखल एक वाक्य घेऊ : ‘नदीच्या खनन, वहन व संचयन ह्या कार्यांमुळे विविध भूरूपे तयार होतात.’ हे वाक्य कोणत्याही एका पुस्तकातून उचललेले नाही. परंतु ज्याने मराठीतून भूगोल शिकला त्याच्या कानांत ह्या साच्याची वाक्ये अजून असतील. ह्यात घडणाऱ्या तीन गोष्टी आहेत, आणि तिन्हींची नामे झालेली आहेत. क्रियापद उरले ते एकच, ‘तयार होतात’. आणि ते असे की चहा, यादी, पोशाख आणि पर्वत ह्या सर्वांना सारखेच लागू पडावे.

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका प्राथमिक शाळेत काही वर्षांपूर्वी हा पाठ ऐकत बसण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आला. बाईंनी विचारले, ‘संचयन म्हणजे काय?’ एक मुलगा उठून म्हणाला, ‘साठा करणे.’ कोशाच्या दृष्टीने उत्तर निर्दोष होते. बाईंनी पुढे विचारले, ‘मग नदी कशाचा साठा करते?’ तो म्हणाला, ‘पाण्याचा.’ वर्गात हशा झाला आणि मुलगा खाली बसला. मधल्या सुट्टीत त्याच मुलाशी बोलणे निघाले तेव्हा त्याने सहज सांगितले, ‘औंदा ओढ्यानं आमचा बांध कातरला. सगळी माती खाली मळीत जाऊन बसली.’ खनन, वहन आणि संचयन ही तिन्ही ‘कार्ये’ ह्या दोन वाक्यांत आहेत. कातरणे, जाणे, बसणे अशी तीन क्रियापदे त्यांच्या योग्य क्रमाने आली आहेत, आणि ओढा कर्त्याच्या जागी आहे. मुलाला विषय येत नव्हता असे म्हणता येत नाही. त्याला येत असलेला विषय आणि पाठातला विषय एकच आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

ह्यावरून ‘संस्कृतप्रचुर परिभाषा टाकून द्या’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो मात्र खरा नाही. परिभाषेची निकड कोठे पडते ते पाहा. मराठीतला ‘झीज’ हा शब्द चपलेला, नाण्याला, उंबरठ्याला आणि डोंगराला चालतो. त्याच्या पोटात दोन भिन्न घटना आहेत. खडक जागच्या जागी फुटतो, त्याचा भुगा होतो, हे एक. तो भुगा पाणी किंवा वारा उचलून दुसरीकडे नेतो, हे दुसरे. पहिल्याला विदारण म्हणतात, दुसऱ्याला क्षरण. हा भेद भूशास्त्राच्या दृष्टीने मूलभूत आहे. मुरूम हा विदारणाचा परिणाम होय : तो बहुधा आपल्या मूळ खडकाच्या अंगावरच असतो. पोयटा हा वहनाचा आणि बसण्याचा परिणाम होय : तो दुरून आलेला असतो. ‘झीज’ ह्या एका शब्दावर विसंबून राहिल्यास हा भेद हातातून निसटतो. तेव्हा परिभाषा हवीच. प्रश्न आहे तो क्रमाचा. मुलाला आधी ‘फुटतो’ आणि ‘वाहून जातो’ ही दोन क्रियापदे वेगळी करून दिली, तर पुढे ‘विदारण’ आणि ‘क्षरण’ ही नामे त्या वेगळेपणाची नावे म्हणून त्याच्याकडे येतील. आज ती आधी येतात, आणि त्यांच्यामागे उभी राहणारी क्रिया कधी येतच नाही.

दुसरा मुद्दा कर्त्याचा. आपल्या पुस्तकांत नदी, वारा, हिमनदी, सागरी लाटा ह्यांना ‘कारके’ म्हणण्याची प्रथा आहे. व्याकरणाच्या विद्यार्थ्याला हा शब्द ओळखीचा आहे. कारक म्हणजे क्रियेशी संबंध असलेले; आणि तो संबंध कर्त्याचा आहे की करणाचा आहे, हे ठरविणे हा कारकविचाराचा गाभा. भूगोलाने शब्द घेतला, पण त्यातला हा विचार मागे ठेवला. मराठीत ‘ने’ हा प्रत्यय कर्त्यालाही लागतो आणि साधनालाही. ‘नदीने खडक झिजवला’ ह्या वाक्यात प्रयोग कर्मणी आहे आणि नदी कर्ता आहे. ‘पाण्याने खडक झिजला’ ह्यात प्रयोग कर्तरी, खडक कर्ता, आणि पाणी हे कारण किंवा साधन. ‘झिजला’ आणि ‘झिजवला’ ह्यांत एका अक्षराचा फरक आहे. परंतु पहिल्या वाक्यात मुलाला नदीचा हेतू ऐकू येतो, दुसऱ्यात येत नाही. त्यातच पाठाचे शीर्षक ‘नदीचे कार्य’ असे असते. कार्य म्हणजे नेमून दिलेले काम, असा ह्या शब्दाचा शाळेतला अर्थ : सरपंचाचे कार्य, ग्रामपंचायतीचे कार्य. नदी आपले कार्य पार पाडते, असे समजणाऱ्या मुलाला दोष देता येणार नाही.

मराठीची रचना येथे उलट उपकारक आहे. फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे, पडणे–पाडणे, गळणे–गाळणे, साचणे–साचवणे अशा जोड्या भाषेने तयार ठेवल्या आहेत. एखादी गोष्ट आपोआप होते की कोणी करते, हे सांगण्यासाठी मुलाला नवा शब्द शिकावा लागत नाही. धातूचे रूप बदलले की पुरते. ह्याचा उपयोग भूशास्त्राच्या नेमक्या जागी करून घेता येतो. पुणे आणि अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांच्या सीमेवर निघोजजवळ कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. ते पाण्याने कोरले, असे म्हटले जाते. पण नुसते पाणी बेसाल्टसारखा कठीण खडक इतका गोल कोरीत नाही. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरतात आणि खडक घासतात. खडक खोल होत जातो आणि गोटेही झिजून गुळगुळीत होतात. ‘रामाने काठीने साप मारला’ ह्या पाठ्य उदाहरणात जशा दोन तृतीया येतात, तशाच येथे येतात : पाण्याने गोट्यांनी खडक कोरला. पहिली तृतीया कर्त्याची, दुसरी करणाची. हे वाक्य ज्या मुलाला नीट उमगले, त्याला व्याकरणही कळले आणि घर्षणाने होणारी झीजही कळली. ‘अपघर्षण’ हा शब्द त्याला पुढे केव्हाही देता येईल.

एकाच शब्दाने चित्र कसे चुकते ह्याचे उदाहरण ‘ज्वालामुखी’ ह्या शब्दात आहे. ह्या समासात मुख आहे. म्हणून मुलाच्या डोळ्यांपुढे शेंड्याला तोंड असलेला शंकूसारखा डोंगर उभा राहतो. महाराष्ट्राचा बहुतांश भाग ज्या बेसाल्टचा बनला आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी प्रामुख्याने जमिनीच्या लांबच लांब भेगांतून बाहेर आलेल्या लाव्ह्याचा आहे. तो थरावर थर पसरत गेला. पश्चिम घाटाकडे त्या थरांची एकूण जाडी दोन हजार मीटरांच्या घरात जाते. इंग्रजीत ह्या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातील ‘ट्रॅप’ हा शब्द पायऱ्या ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. आणि घाटातल्या कोणत्याही डोंगराकडे लांबून पाहिले असता त्या पायऱ्या आजही मोजता येतात. आपल्या मुलांना आपल्या डोंगराच्या पायऱ्या न दाखविता दूरदेशीचा शंकू दाखवावयाचा, ह्यात माहितीची चूक कदाचित नसेल; पण शिकवण्याची आहे.

तिसरा मुद्दा काळाचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. पाठांतून सर्व घटना साध्या वर्तमानकाळात येतात : दरी तयार होते, भूकंप होतो, डोंगर झिजतो, दरड कोसळते. दरी होण्यास लागणारी लक्षावधी वर्षे आणि दरड कोसळण्यास लागणारी काही सेकंदे एकाच रूपात बसविली जातात. साधा वर्तमानकाळ हा नियम सांगण्याचा काळ होय, घटना सांगण्याचा नव्हे. त्यामुळे मुलाला नियम पाठ होतात आणि इतिहास कळत नाही. खडकाला इतिहास असतो हीच तर ह्या पाठातील मुख्य गोष्ट आहे!

अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या विज्ञानशिक्षणाच्या मानकांत अगदी दुसरीच्या मुलांकडून हीच अपेक्षा केलेली आहे : पृथ्वीवरचे काही बदल झपाट्याने होतात, काही फार सावकाश होतात, ह्याचा पुरावा त्यांना देता यावा. ह्या अपेक्षेसाठी इंग्रजीला क्रियाविशेषणांचा आधार घ्यावा लागतो. मराठीत तो भेद क्रियापदाच्या अंगातच आहे. ‘झिजतो’ हा नियम झाला. ‘झिजत असतो’ म्हणजे आपण पाहत नसतानाही. ‘झिजत जातो’ म्हणजे दर वेळी थोडा अधिक. ‘झिजत आला आहे’ म्हणजे फार मागे केव्हातरी सुरुवात झाली, ती आजपर्यंत पोचली आणि अजून थांबलेली नाही. उलट ‘कोसळला’, ‘खचला’ ह्यांत क्षण आहे. चौथीतले मूल ही रूपे बोलताना अचूक वापरते. ‘पेन्सिल संपत आली’ आणि ‘पेन्सिल मोडली’ ह्यांची ते कधी गल्लत करीत नाही. ह्या जाणिवेवर डोंगराचा काळ उभा करता येईल. पाठ्यपुस्तक मात्र ती शाळेच्या दाराबाहेर ठेवते.

संख्यांची गोष्ट ह्याहून वेगळी नाही. ‘लाखो वर्षांपूर्वी’ हा शब्दप्रयोग संख्यावाचक दिसतो, पण तसा नाही. कहाणीच्या आरंभी ‘आटपाट नगर’ जे काम करते तेच तो करतो : पुढे जे येईल ते आपल्या काळातले नव्हे, एवढीच सूचना. तिसरी-चौथीच्या मुलाला कोटी ही संख्या वाचता आली तरी तिचा अंदाज येत नाही. तेथे पावलांचा हिशेब उपयोगी पडतो. एका पावलाला एक हजार वर्षे धरली आणि शाळेच्या फाटकातून भूतकाळाकडे चालू लागलो, तर शिवराज्याभिषेकापर्यंत (१६७४) पोचण्यास अर्धे पाऊलही लागत नाही. डेक्कन ट्रॅपपर्यंत जाण्यास ६६ हजार पावले लागतात. पाऊल अर्ध्या मीटरचे धरल्यास ३३ किलोमीटर. प्रत्येक शाळेला आपल्यापासून एवढ्या अंतरावरचे एखादे गाव ठाऊक असते. त्या गावाचे नाव मुलांपुढे ठेवले म्हणजे ‘लाखो वर्षे’ ह्या पोकळ शब्दात काहीतरी भरते.

हे सारे भाषेचे लाड आहेत, विज्ञान भाषेवाचून अडत नाही, असा आक्षेप येईल. त्याला विज्ञानाच्या इतिहासातूनच उत्तर देता येते. आज आपण पाहतो त्याच सावकाश क्रिया पुरेसा काळ मिळाल्यास पर्वत झिजवू शकतात आणि नवे थर रचू शकतात, हा विचार ठामपणे मांडणारा जेम्स हटन (१७२६–१७९७) हा स्कॉटलंडमध्ये शेती केलेला मनुष्य होता. शेतातली माती पाण्याबरोबर वाहून जाते हे त्याने जवळून पाहिले होते. त्याचा प्रबंध १७८८ साली छापून आला. पण त्याचे गद्य इतके दुर्बोध होते की विचार फार दूर गेला नाही. जॉन प्लेफेअर ह्या त्याच्या मित्राने १८०२ साली तोच सिद्धान्त स्वच्छ भाषेत पुन्हा लिहिला, तेव्हा तो वाचला जाऊ लागला. आणि १८३० पासून चार्ल्स लायलच्या ग्रंथाने तो सर्वत्र नेला. विद्वानांच्या बाबतीतही जर वाक्यरचनेचा एवढा परिणाम होतो, तर नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो होत नाही असे कसे मानावे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाठ्यपुस्तक सर्व राज्यासाठी एक असते. कोकणातल्या मुलाला जांभा, सडा, पुळण, खाजण हे शब्द घरचे आहेत. लातूरच्या मुलाला ते परके. मग प्रमाण पारिभाषिक शब्द सर्वांना सारखाच परका असतो, हाच त्याचा न्याय नव्हे काय? ह्या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु तो नामांना लागू पडतो, क्रियापदांना नाही. खडकांची आणि जमिनींची नावे गावोगाव बदलतात. फुटणे, झिजणे, वाहणे, साचणे, मुरणे, खचणे, ढासळणे ही क्रियापदे जवळजवळ सर्व मराठी मुलखात समजतात. तेव्हा पुस्तकाने क्रियापदे द्यावीत आणि नामांच्या जागा स्थानिक शब्दांसाठी मोकळ्या ठेवाव्यात. ‘तुमच्या गावात ओढ्याकाठच्या गाळाच्या जमिनीला काय म्हणतात?’ हा प्रश्न पुस्तकात छापता येतो. त्याचे उत्तर छापण्याचे कारण नाही. शिवाय स्थानिक नाम हे नेहमी पारिभाषिक नामाहून कमी प्रतीचे असते असेही नाही. जांभ्याला ‘लॅटेराइट’ हे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकॅनन ह्याने १८०७ साली दिले, ते विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. कारण लोक तो दगड विटांसारखा कापून घरे बांधीत होते. म्हणजे परिभाषाही गवंड्याच्या आणि खाणकामगाराच्या मागूनच आली.

आता ह्या चिकित्सेत काय पणाला लागले आहे ते सांगितले पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी : तिन्ही ठिकाणी डोंगराचा भाग वस्तीवर आला आणि माणसे गाडली गेली. ह्या दुर्घटना पाठ्यपुस्तकामुळे घडल्या किंवा चांगल्या पाठाने टळल्या असत्या, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. अतिवृष्टी, उतार, कठीण खडकावर साचलेला विदारित मातीचा थर, त्यात मुरलेले पाणी, आणि उतारावर माणसाने केलेली उलथापालथ ह्या सर्वांचा विचार त्या त्या शास्त्राने करावयाचा आहे. पण एवढे निश्चित की, डोंगराच्या कुशीत राहणारी मुले आजही ‘भूस्खलन’ ह्या शब्दाची व्याख्या पाठ करतात. ‘दरड’ हा घरचा शब्द आणि ‘भूस्खलन’ हा परीक्षेचा शब्द ह्यांची गाठ घातली जात नाही. ‘भूस्खलन होते’ ह्या वाक्यात आधी काही नाही आणि नंतर काही नाही. ‘डोंगर पावसात भिजत गेला, वरची माती सुटत गेली, भेगा रुंदावत गेल्या, आणि एका रात्री दरड कोसळली’ ह्या वाक्यात मात्र तीन सावकाश क्रिया आहेत आणि चौथी एकाएकी आहे. पहिल्या तीन दिसू शकतात. नवी भेग, कललेले झाड, एकाएकी गढूळ झालेला झरा ह्यांकडे पाहण्याची सवय ही काही अंशी ‘-त जाणे’ ह्या रूपाची सवय आहे. जी भाषा मुलाला हे बघावयास लावील ती भूगोलाच्या वर्गात असावी, एवढीच मागणी आहे.

असा पाठ कसा असेल, ह्याचा नमुना दिल्यावाचून टीका पुरी होत नाही. शाळेच्या अंगणात मातीचा ढीग करावा, त्यात थोडे खडे आणि थोडी वाळू मिसळावी, आणि तांब्याने वरून सावकाश पाणी ओतावे. मुलांनी काय घडते ते फक्त क्रियापदांत सांगावे. गुरुजींनी ती फळ्यावर एकाखाली एक लिहावी. पाणी मुरते. मग वाहू लागते. माती सुटते. ओघळ पडतो, खोल होत जातो. कड ढासळते. खडे मागे राहतात, वाळू पुढे जाते, बारीक गाळ सर्वांत शेवटी बसतो. ही यादी पुरी झाल्यावर, आणि त्यानंतरच, तिच्यातील क्रियापदांचे गट करून ‘खनन’, ‘वहन’, ‘संचयन’ ही तीन नावे द्यावीत. शेवटी मुलांना ओढ्यावर न्यावे आणि अंगणात अर्ध्या तासात झाले ते येथे किती काळ होत आले आहे, असे विचारावे. जेथे २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावातला गाळ शेतात नेला गेला असेल, तेथे तर त्या गाळाचा डोंगरापासून शेतापर्यंतचा प्रवास मुलेच सांगतील. आणि गळणे, गाळणे, गाळ हे एकाच कुळातले शब्द आहेत हेही त्यांच्या ध्यानात येईल.

ह्या कामात भाषेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. निरनिराळ्या बोलींत माती, पाणी आणि दगड ह्यांच्या हालचालींसाठी कोणती क्रियापदे आहेत, त्यांच्या सकर्मक-अकर्मक जोड्या कशा होतात, सावकाशपणा कोणत्या रूपांनी दाखविला जातो, ह्याचे संकलन एकेका तालुक्यापुरते केले तरी ते उपयोगी पडेल. त्याबरोबरच प्राथमिक पुस्तकांतील ह्या विषयाच्या पाठांतून किती क्रिया नामांत आल्या आणि किती क्रियापदांत, ह्याची मोजणी करावी. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या म्हणजे वर्गात खाली बसलेला तो मुलगा कोठे अडला होता हे स्पष्ट होईल. त्याचे उत्तर चुकले, असे त्या दिवशी सर्वांना वाटले. ओढ्याने बांध कातरला आणि माती मळीत जाऊन बसली, हे त्याचे खरे उत्तर होते. ते ऐकून घेणारा प्रश्न पुस्तकात नव्हता.